डाव्या गालावरची सावली

होनाम बेट, कँटन
छ्येनलुंग सम्राटांचे तिसावे वर्ष, पहिला महिना, अठरावा दिवस

वहिनींना मोकचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

आधी धंद्याचं, मग घरचं. होलांडातल्या एका सावकाराच्या मुलाचं लग्न ठरलं आहे. त्यांच्याकडे लग्न म्हटलं की चिनी मातीच्या ताटावाट्यांचा अख्खा संच हवा, आणि प्रत्येक ताटाच्या मधोमध नवरा-नवरी हवेत. म्हणजे जेवण संपत आलं की रश्श्याखालून नवरीचं तोंड वर येणार! आपण असं केलं असतं तर म्हाताऱ्यांनी ताटासकट आपल्याला घराबाहेर काढलं असतं. पण गोऱ्यांना त्यातच मोठेपणा वाटतो. जहाजाचा कारभारी जाताना छापील चित्र ठेवून गेला आहे. नवरी नवऱ्याकडे बघते, नवरा कुत्र्याकडे बघतो, आणि कुत्रा कुणालाच किंमत देत नाही. नवरीचा गळा इतका उघडा आहे, की आमच्या कारखान्यातले फुलं काढणारे आजोबा हल्ली उठसूट माझ्या पाटाशी येतात. म्हणतात, "चेहरा नीट जमतोय ना, बघायला आलो." मी म्हणतो, "आजोबा, चेहरा वर आहे."

फुलं त्यांची, काठ दुसऱ्याचा, सोनं तिसऱ्याचं आणि चेहरे माझे. सगळं होनाम मला चेहरेवाला मोक म्हणतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

तर कोरी पांढरी ताटं तुमच्याच घरची हवीत. तुमच्या चाकावरचं ताट हातात घेतलं की कुंचला आपोआप चालतो. यू दादा गेले तरी तुम्ही चाक थांबू दिलं नाहीत, याचा मला किती अभिमान आहे, ते तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही झाडू उचलला असता. माल मात्र सातव्या महिन्यात इथे उतरलाच पाहिजे. मग रंग, मग पुन्हा छोटी भट्टी, मग पेट्या, आणि उत्तरेचा वारा सुटला की जहाजं कुणासाठी थांबत नाहीत. व्यापारी रोज डोक्यावर बसतो. भट्टीवाल्यांना सांगा, जरा हात चालवा. भट्टी पुरती निवायची वाट बघत बसलात तर होडी चुकेल.

आता घरचं. आ-चू सतराची झाली. ती माझ्या मांडीवर होती तेव्हा दादांनी तिच्या जिभेवर बोटाने मध लावला आणि म्हणाले, "मोक, ही आमची सून." तुमचा छांगकन तेव्हा तीन वर्षांचा होता. मी ते विसरलो नाही. पण चहाच्या पेढीवरच्या एका कारकुनाच्या घरून मागणी आली आहे. त्यांना मी नवीन वर्षापर्यंत थांबवून ठेवलं आहे. त्याच्या आत तुमचा होकार आला, की मी मोकळा झालो.

तुमचा,
मोक यिउहान


जिंगदेझेन
पाचवा महिना, विसावा दिवस

मोक भाऊजींना यू घरच्या शुइलियनचा आशीर्वाद.

ताटं गेल्या महिन्यातच पाठवली आहेत. पेंढा दुप्पट भरला आहे. मध्ये मेइलिंगचा घाट चढताना हमाल पेट्या आपटतात, म्हणून तळाशी जुन्या गोधड्याही घातल्या आहेत. त्या फेकू नका, परत पाठवा.

वेळ पाळली. कशी पाळली ते विचारू नका, पाळली एवढं पुरे.

घरी सगळं ठीक आहे. छांगकन हल्ली बाहेर फारसा जात नाही. आत बसून ताटांची बुडं तासतो. काम आधीपेक्षा बारीक करतो. बोलणं तेवढं कमी झालं आहे.

आ-चूचं म्हणाल तर भाऊजी, आपण जरा विचार करू या. तुमच्या दादांनी मध लावला तो प्रेमाने लावला, पण दारूही होती त्या दिवशी. तुमची लेक कँटनची. पेज, ताजा मासा, गोडसर रस्सा यांवर वाढलेली. इथे मिरचीवाचून घास उतरत नाही. थंडीत पाण्याला हात लावला तर बोटं काळीनिळी होतात. गावभर चुलीसारखा धूर, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काजळीने भरतात. अशा ठिकाणी पोर आणून तिचे हाल का करायचे? कारकुनाचं घर चांगलं असेल तर शब्दासाठी अडून राहू नका. माझ्या मनात काही येणार नाही.

संत्र्याच्या सालीची पुडी मिळाली. खोकल्याला उपयोगी पडली.

शुइलियन


होनाम बेट
आठवा महिना, तिसरा दिवस

वहिनी,

ताटं पोचली. एकाला टवकासुद्धा नाही. व्यापाऱ्याने प्रत्येक ताटाला नखाने टिचकी मारून बघितलं आणि पहिल्यांदा माझ्यासाठी चहा मागवला. गोधड्या जपून ठेवल्या आहेत.

पण तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. वहिनी, ताकाला जाऊन भांडं का लपवता? मिरची, थंडी आणि धूर! तुमच्या घरी मी सहा महिने राहिलो आहे. तेव्हा तुम्ही नव्या नवरी होतात आणि मी तुमच्याच हातची मिरची खाऊन विहिरीकडे पळायचो. मेलो का? छांगकनसाठी तिकडची कुणी भट्टीवाल्याची मुलगी बघितली असेल तर तसं सरळ लिहा. मी रागावेन, आठवडाभर कुढेन, आणि मग बोलायला लागेन. पण "विचार करू या" असलं गुळमुळीत बोलणं तुमच्या तोंडी शोभत नाही.

तुम्ही माझ्या लेकीला पाहिलेलं नाही, म्हणून हे सुचतं आहे. सोबत एक पेला पाठवतो. त्यावर आ-चू आहे. गेल्या साली कारभारी कुरकुरला होता, की मोकचे चेहरे ताटाइतकेच सपाट. मला ते फार लागलं. वर्षभर त्यांची छापील चित्रं पुढे ठेवून बसलो आणि यंदा एक नवीन पद्धत हाताला बसवली. काय ते सांगत नाही. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला सांगायची गरजही नाही. सकाळी आ-चूला खिडकीपाशी बसवून जशी दिसली तशी काढली. एका केसाचंही खोटं त्यात नाही.

आ-चूला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती बाजारातून लाल मिरच्या घेऊन आली आणि जेवताना एक खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, "येईल सवय."

होकाराची वाट बघतो.

मोक


जिंगदेझेन
दहावा महिना, नववा दिवस

मोक भाऊजी,

पेला पोचला. किती तरी वेळ हातात धरून बसले होते.

डोळे तिच्या आईचे असावेत, तुमचे तर नाहीतच. कपाळ मोठं आहे, म्हणजे पोर समजूतदार असणार. आणि भाऊजी, एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही काही लपवलं नाहीत. कुंचला तुमच्या हातात होता. दुसऱ्या कुठल्याही बापाने दोन फटकाऱ्यांत सगळं गोरंगोमटं केलं असतं आणि आम्हाला लग्नानंतर कळलं असतं. तुम्ही जसं आहे तसं पुढे ठेवलंत. तुमचे यू दादा तुम्हाला आपला धाकटा भाऊ का म्हणायचे, ते मला आज कळलं.

माझं आधीचं पत्र विसरा. मिरचीबिरची सगळं मागे घेते. आम्हाला आ-चू हवी आहे. कारकुनाला नाही म्हणून सांगा.

छांगकनलाही पसंत आहे. पेला त्याने स्वतःकडे ठेवून घेतला आहे. मला चहासुद्धा ओतू देत नाही त्यात.

सोबत एक डबी आहे. मोत्यांची भुकटी आहे, आमच्या गल्लीतली एक म्हातारी करते. तांदळाच्या धुवणात कालवून रोज सकाळी लावायची. आ-चूला सांगा, सासूने हौसेने पाठवली आहे, दुसरं काही मनात आणू नकोस. गुण आला तर आला. नाही आला तरी आम्हाला कसली घाई नाही.

शुइलियन


होनाम बेट
बारावा महिना, पाचवा दिवस

माझ्या वहिनी, आता विहीणबाई!

तुमचं पत्र आलं आणि मी कारखान्यात सगळ्यांना डुकराचं भाजलेलं मांस वाटलं. फुलंवाले आजोबा दोनदा ओळीत उभे राहिले. कारकुनाकडे निरोप गेला. लग्न पुढच्या हिवाळ्यात धरू, म्हणजे मला जहाजांचा हंगाम सांभाळून मुलीला घेऊन येता येईल.

"तुम्ही काही लपवलं नाहीत" हे तुमचं वाक्य मी सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात कलेची जाण! कारण इथे माझं काय झालं माहीत आहे? पेला भट्टीतून निघाला तेव्हा शेजारची म्हातारी बघून रडायलाच लागली. "अरे मोक, लेकीचा गाल कधी रे भाजला?" मी कपाळावर हात मारला. अहो, डाव्या गालावर जे काळसर दिसतं ती सावली आहे! खिडकी तिच्या उजव्या हाताला होती ना, म्हणून उजवा गाल उजेडात आणि डावा सावलीत. हीच ती गोऱ्यांची युक्ती. एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली दिली, की नाक वर येतं, गाल गोल होतो, ताटातून माणूस बाहेर डोकावतो. आ-चूचा डावा गाल उजव्याइतकाच नितळ आहे, तीळसुद्धा नाही. पण हे आमच्या अडाणी शेजाऱ्यांना कोण सांगणार! तुम्ही मात्र एका नजरेत ओळखलंत. आयुष्य पांढऱ्या मातीत गेलं म्हणतात ते उगाच नाही.

नवरा-नवरीची ताटं जहाजावर चढली. कारभाऱ्याने माझ्या खांद्यावर इतक्या जोरात थाप मारली की अजून दुखतं.

भुकटीबद्दल आभार. आ-चूने डबी उघडून वास घेतला आणि हसली. का हसलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "सासूबाई फार चांगल्या आहेत, बाबा."

तुमचा व्याही,
मोक


जिंगदेझेन
दुसरा महिना, दहावा दिवस

भाऊजी,

व्याही म्हणायचं धाडस होत नाही, म्हणून जुन्याच नात्याने हाक मारते.

मी ती सावली ओळखली नव्हती. तुमच्या शेजारच्या म्हातारीसारखीच मी. मला वाटलं, पोरीच्या गालावर जन्माचा काळा डाग आहे. भुकटी त्यासाठीच होती. आणि खरं ऐकायचं असेल तर तो डाग बघून मला बरं वाटलं. देवाच्या पाया पडले मी त्या दिवशी.

कारण आता लिहिते. आधीच लिहायला हवं होतं.

गेल्या साली तुमची ताटं भट्टीत होती तेव्हा होडी उद्याच निघणार, असा निरोप आला. भट्टी निवली नव्हती. ओल्या कापडात अंग गुंडाळून माणसं आत शिरली आणि आपल्या घरचा माल म्हणून छांगकनही शिरला. ज्यांत ताटं भाजतात ते मातीचे डबे एकावर एक रचलेले असतात. त्यातला वरचा तडकला आणि धगधगता तुकडा त्याच्या तोंडावर आला. डोळा वाचला. उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. आता जखम नाही, पण कातडी चुरगळून राहिली आहे. त्या बाजूने हसला तर हसू अर्ध्यावर थांबतं. म्हणून तो हसतच नाही.

वेळ कशी पाळली ते विचारू नका, असं मी लिहिलं होतं. अशी पाळली.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्हाला ओळखते. तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेतलं असतं. भाऊजी, घाई व्यापाऱ्याची होती, वाऱ्याची होती. तुम्ही फक्त निरोप दिलात. हे मी मनापासून लिहिते आहे, मनापासूनच वाचा.

त्याच्यासाठी इथल्या दोन घरी विचारलं होतं. एका पोरीने दारातून बघितलं आणि आत पळाली. त्यानंतर तो फडकं बांधूनच वावरतो. हीच भीती होती म्हणून मी तुम्हाला मिरचीच्या गोष्टी सांगत बसले होते. आणि मग तुमचा पेला आला. छांगकनने तो उजेडात धरला, तिच्या डाव्या गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आई, ही मला हसणार नाही." भाजल्यापासून त्याने आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य. मी आई आहे. मी ताबडतोब होकार लिहिला.

काल तुमचं पत्र वाचलं. त्यालाही सांगितलं. त्याने पेला पेंढ्यात गुंडाळला. म्हणतो, परत पाठव. मी अजून पाठवलेला नाही.

तुमची लेक नितळ आहे. तिला असा नवरा मी फसवून दिला असं कुणी म्हणायला नको. तुम्ही शब्दातून मोकळे आहात.

शुइलियन


जिंगदेझेन
पाचवा महिना, पंचविसावा दिवस

भाऊजी,

कँटनहून दोन होड्या आल्या. माल उतरला, गोधड्याही परत आल्या, धुऊन घडी केलेल्या. पत्र नव्हतं. नावाड्याला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो माझ्यावर वैतागला.

समजले. राग नाही. आ-चूला चांगलं घर मिळो. आमची साथ मात्र सोडू नका. नातं जुळलं नाही तर नाही, ताटं तरी माझ्याच घरून न्या.

तब्येतीला जपा.

शुइलियन


होनाम बेट
सातवा महिना, दहावा दिवस

सासूबाईंना आ-चूचा वाकून नमस्कार.

मी अजून तुमची सून झालेली नाही आणि मुलीने असं पत्र लिहिणं शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमचं पत्र काल आलं आणि बाबा ते छातीशी धरून बसले, तेव्हा मला गप्प राहवलं नाही.

तुम्हाला वाटतं तसं नाही. प्रत्येक होडीच्या आदल्या दिवशी बाबा कागद घेऊन बसतात. "वहिनी" एवढं लिहितात आणि पुढे हात चालत नाही. तुमचं ते पत्र आल्यापासून त्यांनी एकही चेहरा काढलेला नाही. कारखान्यात काठ रंगवतात. "भट्टी पुरती निवायची वाट बघत बसलात तर होडी चुकेल" हे मीच लिहिलं, असं परत परत म्हणतात. मी समजावलं, फुलंवाल्या आजोबांनी समजावलं, ते ऐकत नाहीत. तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू, म्हणतात.

आता माझं. सासूबाई, तुमच्या भुकटीचा वास मी डबी उघडताच ओळखला. इथल्या बायका वांगावर आणि जन्मखुणांवर तीच लावतात. तुम्ही सावलीला डाग समजलात हे मला त्याच क्षणी कळलं. बाबांना कळलं नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी त्यांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही कळवलं नाही. हा माझा लबाडपणा. त्याचं कारण ऐका.

कारकुनाच्या घरच्या बायका मला बघायला आल्या होत्या. त्यांनी माझे दात बघितले, हात उलटेपालटे करून बघितले, चालायला लावलं, मानेमागचे केस उचलून बघितले. बाबांचा व्यापारी टिचकी मारून ताट बघतो ना, तसंच. मी कसोटीला उतरले, म्हणून पसंत पडले. टवका निघाला असता तर पेंढ्यात परत गेले असते. आणि तुम्ही? तुम्हाला वाटलं पोरीचा अर्धा चेहरा काळा आहे, आणि तुम्ही लिहिलंत, "आम्हाला आ-चू हवी आहे." वर हेही, की गुण आला नाही तरी घाई नाही. असं घर मी हातचं का घालवू?

तुम्ही होकार का दिलात ते आता कळलं. तरी माझं मन बदललं नाही. ज्याने माझ्या डागावरून हळूच बोट फिरवलं, त्याच्याकडे बघून मी दारातून पळेन असं त्याला वाटलं असेल, तर मला त्याचा थोडा राग आला आहे. तो त्याला सांगा.

बाबा तुमच्याकडे यायला धजणार नाहीत. म्हणून यंदाच्या शेवटच्या मालाबरोबर तुमच्या मुलालाच पाठवा. बाबांनी एकदा त्यांना बघितलं, की बाबांचा हात पुन्हा चालू लागेल. पेला बरोबर असू द्या.

मी आता दोन मिरच्या खाते.

आ-चू


जिंगदेझेन
आठवा महिना, सव्विसावा दिवस

आ-चू, माझ्या पोरी,

तुझं पत्र मी छांगकनला वाचून दाखवलं. रागाचं वाक्य त्याने परत वाचायला लावलं. मग बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला, घरात वर्षभर पुरतील इतकी.

तो येतो आहे. फडकं बांधूनच निघाला आहे. मी सोड म्हटलं नाही, तुम्हीही म्हणू नका. पेला त्याच्या सदऱ्याच्या आत आहे, पेंढ्यात ठेवायला तयार झाला नाही.

भाऊजींना सांग, वहिनीने आजवर तुमच्या पाठीत झाडू घातला नाही, पण आता घालणार आहे. एवढं जरूर सांग.

तुझी आई


होनाम बेट
दहावा महिना, अकरावा दिवस

वहिनी,

लिहितो आहे. हात चालतो आहे.

छांगकन आला तेव्हा मी अंगणात होतो. फाटकातून आत येणारी चाल बघून मला वाटलं, दादाच आले. मी उठलो आणि जमिनीवर गुडघे टेकणार, तोच त्याने मला दंडाला धरून वर ओढलं. आणि एवढंच विचारलं, "काका, ती ताटं वेळेवर पोचली होती ना? एखादं फुटलं तर नव्हतं?"

मी म्हटलं, "एकही नाही रे."

"मग झालं," म्हणाला.

वहिनी, मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. फुलंवाले आजोबाही रडले, त्यांना तर निमित्तच लागतं.

आ-चू पडद्यामागे होती. बघायचं नाही अशी रीत आहे, आणि पडद्याला भोक पाडायचं नाही अशी रीत नाही, असं तिचं म्हणणं. उकाडा मरणाचा होता आणि पोराच्या तोंडावर फडकं. तेव्हा आतून मला हाक आली, "बाबा, पाहुण्यांना म्हणावं, घाम किती येतोय. घरात आपलीच माणसं आहेत." तो बराच वेळ फडक्याच्या गाठीला हात लावून बसला. मग त्याने गाठ सोडली. मी पडद्याकडे बघत होतो. पळण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने पडद्याखालून एक वाटी पुढे सरकली. आत मिरची घातलेला मासा होता. कँटनच्या माणसाला खाववणार नाही इतका तिखट. छांगकनने एक घास घेतला आणि हसला, अर्ध्यावर थांबणारं हसू, तुम्ही लिहिलंत तसंच. म्हणाला, "काका, मीठ विसरल्या आहेत." पडद्यामागे काहीतरी खाली पडलं.

बाराव्या महिन्यातला सहावा दिवस निघायला चांगला आहे, असं ज्योतिषी म्हणतो. जहाजं गेली की मी तिला घेऊन निघतो. विहिरीला पाणी भरपूर असू द्या.

आज सकाळची गोष्ट सांगून संपवतो. गोऱ्यांची रीत मला आता आवडू लागली आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या पेटीतलं एक कोरं ताट काढलं. म्हटलं, आपल्या नवरा-नवरीलाही एका ताटावर बसवू. यावर कुणी रस्सा ओतायचा नाही, भिंतीवर लावायचं. छांगकनला मी त्याच खिडकीपाशी बसवलं. माझा पाट त्याच्या डाव्या हाताला मांडला, त्याचा डावा गाल माझ्याकडे येईल असा. उजवा पलीकडे, दिसणारच नाही. धंद्याची सवय आहे ती, वहिनी. इतकी वर्षं मी लोकांचं चांगलं तेवढंच काढत आलो. पोरगा मुकाट्याने बसला, जणू हे असंच असायचं. मी कुंचला भिजवला आणि पहिली रेघ ओढणार, तोच पडद्यामागून आवाज आला.

"बाबा, बाजू चुकली."

मी कुंचला खाली ठेवला. पाट उचलला आणि दुसऱ्या बाजूला, उजेडात, जाऊन बसलो.

तुमचा व्याही,
मोक यिउहान